साडेअठ्ठावीस नंबरचं भिंग

दि. २ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि. मी वहिनी म्हणून मानाने मोठी आणि तुम्ही चार महिन्यांनी वयाने मोठ्या, तेव्हा नमस्कार कोणी कोणाला करायचा हा वाद याही वर्षी मिटलेला नाही. मी माझा करून मोकळी झाले. तुम्ही तुमचं बघा.

तुमचं पत्र पोचलं. धन्य आहे तुमची! शेजारणीच्या दाढदुखीला दीड पान दिलंत आणि मग तिसऱ्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहावं तसं, लिहिलंत की मालकांनी चष्म्याच्या काचा आपोआप घासणारं यंत्र मागवलंय आणि मार्चअखेर तुमचं चाक उचलून नेणार. चौतीस वर्षं त्या चाकापुढे बसलात. अर्ध्या गावाच्या नाकावर तुमच्या हातच्या काचा आहेत. एवढी मोठी बातमी दाढेच्या मागे लपवलीत, म्हणजे ती किती दुखतेय ते मला कळलं.

आता माझं ऐका. तुमच्या दादांचा कॅमेरा मी कपाटातून काढला, हे मागे लिहिलं होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी हौशी फोटोवाल्यांचं मंडळ भरतं, तिथे जाऊ लागले आहे. कपडे दुरुस्तीच्या दुकानात आठवडाभर इतरांच्या उसवलेल्या शिवणी घालते, रविवारी स्वतःसाठी जाते. फोटोग्राफीचं एक पुस्तक तीनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा काय कळलं नाही ते कळलं, तिसऱ्यांदा थोडं कळलं. तर मी ठरवलंय की चाक जाण्याआधी तिथे येऊन तुमचा फोटो काढायचा. चाकावर बसलेला, काम करतानाचा. तुमच्याकडे स्वतःचा एकच फोटो आहे, तो ओळखपत्रावरचा, आणि तो बघून कोणीही तुम्हाला आधी पोलिसात देईल.

अडचण उजेडाची आहे. तुमची मागची खोली अंधारी, आणि कॅमेऱ्यासोबत आलेलं साधं भिंग अंधारात आंधळं होतं. यांचं दुसरं एक भिंग खणात मोज्यात गुंडाळलेलं सापडलं, पन्नास मिलिमीटरचं, भरपूर उजेड घेणारं. पण त्याच्या मधोमध धुरकट डाग आहे. मंडळातले म्हणतात बुरशी असेल. नवं घ्यायचं तर एकच घेता येईल, आणि कोणतं घ्यावं यावर मंडळात जितकी तोंडं तितकी भिंगं आहेत. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

नाही म्हणायचं नाही. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही नुसतं हं हं केलं असतंत, म्हणून लेखी कळवते आहे.

माया आहे तशीच राहू द्या, आणि उत्तर लवकर टाका.

तुमची,
वहिनी


दि. ७ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. घे, मीही केला. आता फिटंफाट.

फोटोबिटो मला जमायचं नाही. कॅमेरा दिसला की माझा चेहरा लाकडाचा होतो, हे तुला तुझ्या लग्नापासून ठाऊक आहे. त्या फोटोत मी तुझ्या मागे उभी आहे की कपाट उभं आहे, असं दादा विचारायचा. पण तू एकदा ठरवलंस की तुझ्या आणि तुझ्या बेताच्या मधे उभं राहण्यात अर्थ नसतो. ये.

खरं सांगू, दाढेच्या मागे लपवलं नव्हतं. लिहायलाच हात होत नव्हता. मला काढत नाहीयेत. मालक म्हणाले की बाई, तुम्ही पुढे काउंटरवर बसा, फ्रेमी दाखवा, पंख्याखाली काम, हात कोरडे. चांगल्या मनाने म्हणाले. पण वहिनी, मला कोरड्या हातांची सवय नाही. चाकावर पाणी ठिबकतं ना दिवसभर, त्या आवाजात मला चौतीस वर्षं विचार करायची सवय लागलीय. काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं. मी काचेशी बोलते, माणसांशी नाही. असो. एकदा त्या चाकावरची मी कुठेतरी दिसावी, असं मलाही वाटलं. तुझ्याखेरीज हे कोणाला सांगितलं नसतं.

खोली मोजली. लांबी सात फूट, रुंदी सहा. माझ्या डाव्या हाताला गजांची खिडकी, तीही पलीकडच्या भिंतीला टेकलेली. तुला उभं राहायला माझ्यासमोर चारेक फूट मिळतील, तेही पाठ फ्रेमींच्या मांडणीला लावलीस तर.

भिंगांचं म्हणशील तर तुमचे ते आकडे मी आमच्या भाषेत करून पाहिले. हजाराला तुझ्या आकड्याने भागायचं की झाला चष्म्याचा नंबर. पन्नासचं भिंग म्हणजे वीस नंबर. असा चष्मा एखाद्याला लागला तर त्याने माझ्याकडे न येता देवाकडे जावं. नंबर जितका मोठा तितकं आपण जवळचे, एवढं मला उमजलं.

आणि ते धुरकट भिंग माझ्याकडे पाठव. बुरशी का काय ते मी बघते. काच आहे ना? मग ती माझ्या हातात आल्यावर काय बिशाद आहे डागाची! मंडळातल्या कोणाला हात लावू देऊ नकोस.

कळावे. ओढ आहे, ती अशीच ताणून धर.

तुझी,
वन्सं


दि. १३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि. भिंग काल पार्सलने पाठवलं. मोज्यातच ठेवलंय, वरून दोन रुमाल आणि दादांच्या जुन्या स्वेटरची एक बाही. तुमच्या हातात जातंय म्हणून काळजी नाही, वाटेत आपटू नये म्हणून काळजी.

आता मंडळाचा तमाशा ऐका. आमच्यात एक निवृत्त गृहस्थ आहेत. पक्ष्यांचे फोटो काढतात, सगळे त्यांना दुर्बीणवाले म्हणतात. त्यांचं भिंग तीनशेचं, दुधाच्या किटलीएवढं. त्यांच्या मते फोटोग्राफी म्हणजे तीनशे, बाकी सगळं पोरखेळ. दुसऱ्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्या किड्यामुंग्यांचे डोळे टिपतात. त्यांच्या मते अगदी जवळून टिपणारं भिंग नसेल तर माणसाने घराबाहेरच पडू नये. दोघेही माझ्या वहीत आपापल्या भिंगाचं नाव ठळक लिहून गेले. एकानेही विचारलं नाही की बाई, तुम्हाला काढायचंय काय.

दुर्बीणवाल्यांनी मात्र आपलं भिंग रविवारभर वापरायला दिलं. खरं सांगते, मला ते आवडलं. आमच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, कोपऱ्यावरचा चांभार, तिसऱ्या मजल्यावर कुंड्यांना पाणी घालणारी बाई, सगळे हाताशी आले आणि कोणाला पत्ताही नाही. कोणाशी बोलायला नको, कोणी कशा आहात विचारायला नको. हे गेल्यापासून तीन वर्षं लोक तेवढंच विचारतात, आणि उत्तर दिलं की त्यांचे चेहरे पडतात. म्हणून मनात आलं की तेच घ्यावं का. तुमच्या खोलीत निरुपयोगी आहे हे मलाही कळतं, पण तुमचा फोटो तुमच्या हातून नीट होऊन आलेल्या पन्नासने काढता येईल, आणि नवं भिंग उरलेल्या दिवसांसाठी.

म्हणजे सगळं तुमच्यावर आलं. डाग निघाला की लगेच कळवा. मी इकडे घरात चार फुटांवर उभी राहून पाण्याच्या माठाचे फोटो काढायचा सराव करते आहे. माठ तुमच्यासारखाच हलत नाही.

कृपा आहेच, ती पार्सलइतकी जपून ठेवावी.

तुमची,
वहिनी


दि. २१ फेब्रुवारी

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. पार्सल पोचलं. बाही ओळखली.

इकडे सगळं ठीक. हवा बरी आहे. शेजारणीची दाढ अखेर काढली.

तुझ्या भिंगाचं म्हणशील तर मला वाटतं तू नवंच घ्यावंस. जुन्या वस्तूंच्या नादी किती लागायचं? या कामाला पन्नासचं तसंही फार जवळचं होईल, चार फुटांतून माझं नुसतं नाक येईल. तीनशेचं मात्र घेऊ नकोस. तीनशे म्हणजे जेमतेम सव्वातीन नंबर. एवढा तर आमच्या मालकांना बिलं वाचायला लागतो, त्यासाठी किटली कशाला वागवायची? आणि त्या भिंगाचा उपयोग मला एवढाच दिसतो की कोणाला नमस्कार करायला नको.

काम फार आहे, म्हणून थांबते. ममता कमी करू नकोस.

तुझी,
वन्सं


दि. २६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि. तुमचं पत्र आहे की तार? तुम्ही दाढेला एक ओळ दिलीत, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

नमस्काराचं वाक्य मला लागलं. लागलं कारण खरं आहे. रविवारी मी ती किटली दुर्बीणवाल्यांना परत केली आणि येताना कोपऱ्यावरच्या चांभाराजवळ थांबून विचारलं की तुमचा फोटो काढू का. तो म्हणाला, काढा, पण आधी चपलेचा अंगठा शिवून घ्या, फार दिवस बघतोय. मी त्याला लांबून बघत होते तेव्हा तो माझी चप्पल बघत होता! हसत घरी आले. ते तुमच्यामुळे.

पण जुन्या वस्तूंच्या नादी किती लागायचं, हे तुम्ही लिहिलंत याचं वाईट वाटलं. ते भिंग यांचं आहे. तुमच्या दादांची वस्तू टाकून द्या असं मला अख्ख्या जगाने सांगितलं तरी चालेल, तुम्ही सांगू नये. डाग निघत नसेल तर तसं लिहा. सगळे डाग निघतातच असं नाही, कपडे दुरुस्त करणारीला हे सांगायला नको. परत पाठवा, मी तसंच ठेवीन. पण नक्की काय झालंय?

वाट पाहते. राग नाही, लोभच आहे. दोन्ही एकाच डब्यात असतात म्हणून गफलत होते.

तुमची,
वहिनी


दि. ३ मार्च

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. हा नमस्कार नेहमीचा नाही, वाकून केलेला आहे.

मी दादाचं भिंग खराब केलं.

आता सगळं सांगते. पुढची काच उजेडात धरून पाहिली. ती बुरशी नव्हती. काचेवर जांभळट झाकेचा एक थर असतो, तो मधूनच ठिगळासारखा गेला होता. चष्म्याचा थर असा अर्धामुर्धा गेला की आम्ही उरलेलाही काढून टाकतो, काच नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चाकावर फिरवून लख्ख करतो, आणि गिऱ्हाईक दुवा देत जातं. चौतीस वर्षांची सवय. हात आपोआप चालला. दहा मिनिटांत काच अशी स्वच्छ झाली की मी स्वतःवरच खूश झाले. मग कागदावर खिडकीचं चित्र पाडून बघितलं. कामाला हात लावण्याआधी त्याच कागदावर खिडकीचे गज मोजता येत होते. आता सगळी खिडकी साबणाच्या पाण्यात बुडाल्यासारखी. मालकांना दाखवलं. त्यांनी काच नाकाशी धरली आणि म्हणाले की बाई, हा चष्मा नव्हता.

तू काहीतरी बोलशील म्हणून भिऊन नाही लपवलं. तू काहीच बोलणार नाहीस, हे माहीत होतं म्हणून लपवलं. दादाच्या हाताच्या वस्तू आता आहेत तेवढ्याच. त्यात भर पडायची नाही, आणि मी एक कमी केली. दुसऱ्याच्या काचेला ओरखडा न पाडणारी म्हणून गावात माझं नाव, आणि पाडला तो भावाच्या काचेला. भिंग सोबत पाठवते आहे. बाही मात्र ठेवून घेऊ का?

दुसरी बातमीही वाईटच. यंत्र लवकर येतंय. सोळा मार्चला चाक काढणार. पंधरा तारीख शेवटची. तुझं येणं आता जमेल असं मला वाटत नाही, आणि माझ्या हातून जे झालंय त्यानंतर तू माझा फोटो काढावास असं म्हणायला तोंडही नाही. नसला फोटो तर नसू दे. चाक होतं, हे मला ठाऊक आहे ना, बास.

पूर्वीसारखीच माझी राहा, एवढंच मागते.

तुझी,
वन्सं


दि. ९ मार्च

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि. आधी बसा. चाक थांबवा, हात पुसा, मग वाचा.

भिंग परवा पोचलं. बघितलं आणि, खोटं कशाला सांगू, थोडी रडले. मग ते घेऊन मंडळातल्या लोकांनी सांगितलेल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. जिन्याखाली टीचभर दुकान, म्हातारा कारागीर, एका डोळ्याला भिंग लावलेलं. मी विचारलं की याचं काही होईल का. त्याने पुढची कडी काढली आणि आत बघून हसायलाच लागला. हे लोक दुरुस्त केलेल्या वस्तूच्या आत अगदी बारीक तारीख कोरून ठेवतात. आत त्याच्याच हातची तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची.

त्याला माणूस आठवत होता. म्हणाला, उंच गृहस्थ, चेहरा पाडून आले होते. भिंगावर बोटाचा डाग पडला म्हणून त्यांनी ते दात घासायच्या पावडरीने घासलं होतं! मधोमध, गोल गोल, अर्धा तास. तिथला सगळा थर गेला. याने त्यांना विचारलं की अहो, असं कोणी करतं का. तर म्हणाले, माझी बहीण काचेचं काम करते, तिच्या दुकानात बसून मी शिकलोय. याने सांगितलं की आता याचं काही होणार नाही, ठेवून द्या. तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, घरी कळलं तरी चालेल, पण बहिणीला कळलं तर ती मला मरेपर्यंत सोडणार नाही.

वन्सं, मी त्या जिन्याखाली एवढी हसले की वरून कोणीतरी डोकावून गेलं. तो मोजा, ते खणाच्या तळाशी दडवणं, ते दुसरं भिंग कुठे गेलं असं मी विचारलं की दर वेळी विषय बदलणं! तुम्ही एक पत्रभर लपवलंत, त्यांनी आठ वर्षं लपवलं. आडात तेच आणि पोहऱ्यात तेच. तुम्ही चांगलं भिंग बिघडवलेलं नाही. भावाने अर्धवट टाकलेलं काम पुरं केलंत.

आणि एक सांगायचं आहे. माणूस गेलं की त्याच्याबद्दल नवं काही येत नाही. आहे तेवढंच काढायचं, पुसायचं आणि परत ठेवायचं. पुसून पुसून त्याचाही थर जातो की काय अशी मला हल्ली भीती वाटे. तीन वर्षांनी मला यांची एक नवी गोष्ट मिळाली. ती तुम्ही चाक फिरवलंत म्हणून मिळाली. बाही ठेवून घ्या.

कारागिराला तुमच्या खोलीची मापं दाखवली. भिंग निवडण्याआधी खोली मोजून आणणारं पहिलंच गिऱ्हाईक, म्हणाला. चार फूट, डावीकडे खिडकी, चेहरा हवा, हात हवेत, चाकही हवं. मग पस्तीसचं घ्या, उजेड पन्नासइतकाच घेतं आणि जास्त मावतं. दुर्बीणवाले आणि डॉक्टरीणबाई दोघांनी लिहून ठेवलेली वही मिटली आणि पस्तीसचं घेतलं. तुमच्या हिशेबाने साडेअठ्ठावीस नंबर. तुम्ही म्हणाला होतात, नंबर जितका मोठा तितकं जवळ. तर येतेच आहे जवळ.

चौदाला संध्याकाळच्या गाडीने पोचते. हे गेल्यापासून घराबाहेर मुक्काम केलेला नाही, तेव्हा झोप लागली नाही तर गप्पा मारायला लागतील. फोटोसाठी केस बांधू नका, नवं काही नेसू नका, आणि मालकांना सांगा, पंधराला काम कमी ठेवू नये.

भेटीपुरता राग शिल्लक ठेवला असता, पण उरलाच नाही.

तुमची,
वहिनी


दि. २४ मार्च

प्रिय वन्सं यांस,

स. न. वि. वि. घरी नीट पोचले. पाठीवर अजून तुमच्या मांडणीची खूण आहे, आणि पर्समधे एक फ्रेम निघाली, बहुतेक मी टेकले तेव्हा पडलेली. मालकांना सांगा, चोरी केलेली नाही.

सोबत फोटो पाठवते आहे. उघडण्याआधी दोन शब्द वाचा.

सकाळी मी तुमचे चाळीसेक फोटो काढले. सगळे ओळखपत्राचे आहेत. तुम्ही चाकावर नाही, न्यायालयात बसला आहात. मी हसवलं, चिडवलं, शेवटी कंटाळून तुमच्या मालकांच्या टकलाची गोष्ट काढली, तरी लाकूड ते लाकूड. दुपारी दोनला मी मनात हार मानली होती. एवढ्या लांब येऊन, यांच्या नावाने एक भिंग घेऊन, मी माठ काढला असं वाटलं.

मग मालक त्या बसचालकाला घेऊन आत आले. चष्मा पायाखाली गेलेला, तीन वाजताची बस, आणि काचेशिवाय त्याला समोरचा माणूसही दिसेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. काच घेतली, खूण केली, चाक सुरू केलं. ते चाकावरचं शेवटचं काम आहे हे तुमच्याही लक्षात नव्हतं, माझ्या तर नव्हतंच. मी तुमचे हात बघत उभी राहिले आणि गळ्यात कॅमेरा आहे हेच विसरले. आठवण झाली तेव्हा तुम्ही काच उचलून खिडकीशी धरत होता. घाईघाईने तीनदा बटण दाबलं. पहिला हलला. दुसऱ्यात मालकांचं कोपर आलं. तिसरा हा.

आता उघडा. ओरडू नका. हो, जीभ बाहेर आहे. एक डोळा मिटलेला, केस ओले, काच खिडकीशी, बोटावरून पाणी ओघळतंय, आणि ओठांच्या कोपऱ्यात जिभेचं टोक. दिवा किंवा नळ दुरुस्त करताना यांचीही जीभ अशीच बाहेर यायची. तीस वर्षं चिडवलं मी त्यांना. ही तुमच्या घरची जीभ आहे हे मला ठाऊक नव्हतं. बघा, दुसरी नवी गोष्ट मिळाली.

फोटोत खोट आहे. खिडकीचा वरचा कोपरा उजेडाने पांढरा पडलाय, आणि चाकाची अलीकडची कड पुसट आहे. दुर्बीणवाल्यांनी दोन्ही दाखवून दिलं. मग बराच वेळ फोटो परत देईनात.

संध्याकाळी चाक पुसून तुम्ही त्यावर फडकं टाकलंत आणि बाहेर येऊन शेजारणीच्या दाढेबद्दल बोलू लागलात, तेव्हा मीही दाढेचीच चौकशी केली. चाकाबद्दल आताही विचारत नाही. काउंटरवर कसं चाललंय ते मात्र लिहा. खरं लिहा.

आठवण येते, ती तुम्हालाही येवो.

तुमची,
वहिनी


दि. २ एप्रिल

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. आणि तुझा निषेध.

चाळीस फोटोंत मी शहाण्यासारखी तोंड मिटून बसले होते, त्यातला एक पाठवायचा सोडून तू जीभ पाठवलीस. पार्सल मालकांसमोर उघडलं ही माझी चूक. त्यांनी फोटो हातात घेतला आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले की हा दुकानात लावायचा. मी म्हटलं, मी मेल्यावर लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर काउंटरच्या मागे, बरोबर माझ्या डोक्यावर, चौकटीत लावलेला.

खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. पहिले तीन दिवस वाईट गेले. मागच्या खोलीत यंत्र आहे, ते कुजबुजतं, ठिबकत नाही. माझे हात कोरडे पडून खाजतात. गिऱ्हाइकाला काय विचारावं ते सुचेना. पहिल्या बाईला मी दहा फ्रेमी दाखवल्या आणि एक शब्द बोलले नाही. ती घाबरून पहिलीच घेऊन गेली.

पण तुझ्या त्या फोटोने मला बोलायला लावलंय. जो येतो तो आधी वर बघतो. त्या बाईच्या डोळ्याला काय झालंय, चाक कसलं, पाणी कशाला, असं विचारतो. मग सांगावं लागतं. सांगता सांगता त्याच्या नाकावरची जुनी काच दिसते. ती माझ्या हातची असली तर मला कडेवरूनच ओळखू येते, आणि मग बोलणं काय थांबतंय! परवा तो बसचालक आला. फोटोखाली उभा राहून सगळ्या दुकानाला सांगत होता की त्या बोटांतली काच ही, आणि आपला चष्मा काढून दाखवत होता. माणसांशी बोलणं मला वाटलं होतं तेवढं अवघड नाही. काचेसारखंच आहे, घाई केली की तडकतात.

दादाची पावडरीची गोष्ट मी मालकांना सांगितली. तीनदा सांगितली. मरेपर्यंत सोडणार नाही असं तो म्हणाला होता ना? तो गेला तरी मी सोडलेलं नाही, हे त्याला कळायला हवं होतं. जिभेचं मात्र मला माहीत नव्हतं. आमची आई सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढायची, ते आठवलं. म्हणजे ही तिची. त्या दोघांना फोटोत शोधत आता मीच काउंटरवर बसल्या बसल्या मागे वळून बघते आणि मान दुखते.

काल एक लहान मुलगी आईबरोबर आली होती, पहिलाच चष्मा. तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. मग विचारलं की ती तुम्हीच का. माझे केस आता नीट बांधलेले असतात, हात कोरडे, तोंड मिटलेलं. तिला खात्री वाटेना. मी म्हटलं, नाही गं, ती माझी बहीण. ती आत असते. आता कामात आहे, हाक मारू नकोस.

मुलीने मान डोलावली आणि चष्मा बसवून होईपर्यंत हळू आवाजात बोलली.

साडेअठ्ठावीस नंबर घेऊन पुन्हा ये. या वेळी शेजारीण म्हणते तिचाही काढ. दाढ नसल्याने गाल बसलाय, पण चालेल म्हणते. मुक्काम जास्त कर. तू तिकडे मीठ कमी घालतेस आणि मी इकडे एकटीच जेवते, दोन्ही सुधारायला हवं.

लोभ होता, आहे, आणि आता भिंतीवर टांगलेलाही आहे.

तुझी,
वन्सं